ढवळ्या-पवळ्याचे पाच गुण

चांदूर बाजार तालुक्यातल्या एका लहान गावात मी चौथीला शिकवतो. शाळेच्या एका अंगाला संत्र्याची बाग, दुसऱ्या अंगाला तुरीचं वावर. दोन वर्षांपूर्वी पहिल्या सत्राच्या पेपरात 'माझा आवडता सण' या विषयावर आठ-दहा ओळी लिहायच्या होत्या. पाच गुण. बावीस पोरं, बावीस पेपर. सुट्टीआधी निकाल भरायचा होता, म्हणून रात्री जेवण झाल्यावर बसलो आणि तासाभरात उरकून टाकलं.

चौदा-पंधरा जणांनी दिवाळी लिहिली होती. उटणं, रांगोळी, चिवडा, आणि शेवटी 'आम्ही फटाके फोडत नाही, कारण त्यामुळे प्रदूषण होते'. हे लिहिणाऱ्यांपैकी दोघांच्या दप्तरात त्याच दिवशी टिकल्यांची पाकिटं सापडली होती. तरी मी चार-चार, पाच-पाच गुण दिले. शुद्धलेखन ठीक, अक्षर ठीक, विरामचिन्हं जागच्या जागी.

एका मुलीनं पोळा लिहिला होता. आठवतं तसं देतो:

'माहा आवडता सन पोळा आहे. आमच्या घरी बैल नाही. माहे बाबा सालदार आहे. ते मालकाचे बैल धुते. शिंगाले रंग लावते. बाबाले बोजारा भेटते. मी बैलाले म्हनतो तू आमचा असता त मी तुले रोज धुतलं असतं.'

सन नव्हे सण. माहा नव्हे माझा. बैलाले नव्हे बैलाला. बाबा धुते नव्हे, बाबा धुतात. मी म्हनतो नव्हे, मी म्हणते. लाल पेनानं गोल करत गेलो आणि खाली दोन गुण लिहिले. त्या रात्री मला काहीच खटकलं नाही, हे आधी कबूल करतो.

एप्रिलच्या पेपरात विषय आला 'माझा आवडता प्राणी'. तिनं लिहिलं: 'माझा आवडता प्राणी बैल आहे. आमच्या घरी दोन बैल आहेत. त्यांची नावे ढवळ्या आणि पवळ्या आहेत. बैल हा शेतकऱ्याचा मित्र आहे.' एकही चूक नाही. पाचपैकी पाच. नोंदवहीत 'लेखनात चांगली प्रगती दिसून येते' असंही लिहिलं.

मे महिन्यात पेपरांचे गठ्ठे बांधताना तिचे दोन्ही पेपर एकामागोमाग हाती आले. एकात 'आमच्या घरी बैल नाही', दुसऱ्यात 'आमच्या घरी दोन बैल आहेत'. गाव लहान आहे, त्यांचं घर मला माहीत आहे. सहा महिन्यांत त्या दारात बैल आले नव्हते. मधल्या काळात तिच्यापर्यंत पोचली होती ती फक्त माझी लाल वर्तुळं.

तुम्ही म्हणाल, निबंधच तो, कल्पना केली पोरीनं. मीही स्वतःला हेच सांगून पाहिलं. पण कल्पना पहिल्या पेपरात होती. 'तू आमचा असता त' ही कल्पना आहे, आणि ती बैल नसण्याच्या जागेवर उभी आहे. ढवळ्या-पवळ्या गाइडातले. पहिल्या खेपेला तिनं स्वतःचं सांगितलं आणि दोन मिळाले. दुसऱ्यांदा तिनं मला हवं ते दिलं आणि पाच मिळाले. मग लेखनात प्रगती झाली म्हणजे नेमकं काय झालं?

कागदावर आमची व्यवस्था वाईट नाही. 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की मूल्यमापन सातत्यपूर्ण आणि सर्वंकष असावं, मूल भीतीमुक्त असावं. महाराष्ट्रात त्यासाठी 20 ऑगस्ट 2010 चा शासन निर्णय आला. आकारिक, संकलित, अ-1 पासून इ-2 पर्यंत श्रेण्या, आणि प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद. ही नोंद मला फार आवडलेली गोष्ट होती. गुणांत न मावणारं लिहायला सरकारनं स्वतःहून दिलेली जागा! झालं काय, तर आज प्रत्येक शिक्षकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तयार नोंदींची फाइल आहे. 'अक्षर वळणदार काढतो', 'स्वतःचे विचार मुद्देसूद मांडतो'. त्यातून उचलायचं आणि चिकटवायचं. मीही चिकटवलंय. पोरं गाइडातून उतरवतात, आम्ही फाइलमधून उतरवतो. फरक एवढाच की आमच्या पेपराला लाल गोल करणारं कुणी नाही.

लेखन मोजणं अवघड आहेच. वाचनाचं त्या मानानं सोपं. मुलापुढे परिच्छेद ठेवला की कळतं, वाचतो की अडखळतो. 'असर'चे सर्वेक्षक 2005 पासून गावोगावी मुलांच्या घरी जाऊन तपासतात ते मुख्यतः वाचन आणि गणित. लेखनाला अशी पट्टी लावता येत नाही. 1912 मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघांनी एकच इंग्रजीचा पेपर शंभराहून जास्त शिक्षकांकडे तपासायला पाठवला. शंभरपैकी गुणांत तीसहून जास्त अंतर पडलं. म्हणून आपण जे मोजता येतं ते मोजतो. ऱ्हस्व-दीर्घ मोजता येतं, 'ण'चा 'न' मोजता येतो. खरेपणाला रकाना नाही.

आणि मी ज्यांना चुका म्हटलं, त्या सगळ्या चुका होत्या का? 'सन' ही लिहिण्यातली चूक, मान्य. पण 'बाबा धुते' ही चूक नव्हे. वऱ्हाडीत तो जाते, ती जाते, ते जाते, सगळ्यांना एकच रूप. आणि 'मी जातो' बाईही म्हणते, बाप्याही म्हणतो. ही पक्की व्याकरणाची रीत आहे. ती मुलगी तिच्या भाषेत एकदाही चुकलेली नव्हती. आमच्यापासून रिद्धपूर काही लांब नाही. सातशे वर्षांपूर्वी म्हाइंभटांनी तिथे लीळाचरित्र सिद्ध केलं. संस्कृतात लिहू पाहणाऱ्या शिष्याला, त्यानं माझ्या म्हाताऱ्या बायका वंचित होतील, असं म्हणून अडवणारे नागदेवाचार्य याच परंपरेतले. आता तिथे मराठी भाषेचं विद्यापीठही आहे. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही शाळेत पेढे वाटले. आणि त्याच भाषेतलं 'मले' मी गोल करून ठेवलं होतं.

हे सगळं मी आमच्या एका ज्येष्ठ सहकारी गुरुजींना सांगितलं. ते अचलपूरकडचे, घरी अस्सल वऱ्हाडी बोलणारे. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बोलीचं कौतुक त्यालेच परवडते, ज्याले प्रमाण मराठी येते. तू तिले 'मले'वर पाच देशीन, अन् पुढं पोलीस भरतीचा पेपर तपासणारा तिले शून्य देईन. मंग?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पुरतं नाही. बोलीवर प्रेम करून मुलीला तालुक्याच्या दारात अडकवून ठेवायचं, हेही एक पापच. शिकवायचं दोन्ही, हे बरोबर. पण पाच गुणांच्या एका चौकटीत दोन्ही कसं मावणार?

मला सारखी मुक्ता साळवे आठवते. फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेची चौदा वर्षांची विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलेला निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदया'त छापून आला. आज आपण तो मराठी साहित्यातला महत्त्वाचा मजकूर म्हणून वाचतो. शाळेतल्या पोरीचा निबंधच होता तो. तिच्या हाती गाइड नव्हतं, हे एक. दुसरं, तिला काय दिसतं हे जाणून घ्यायची कुणाला तरी गरज वाटत होती. तिच्या वहीला मी पाचपैकी किती दिले असते, हे मी स्वतःला विचारू धजत नाही.

त्या वर्षीच्या पोळ्याला ती मुलगी मारुतीच्या देवळापाशी दिसली. तोवर ती पाचवीत, मोठ्या गावच्या शाळेत गेली होती. मी म्हटलं, "ते पोळ्याचं तू फार चांगलं लिहिलं होतंस." तिनं माझ्याकडे पाहिलं. "मंग दोनच कायले देल्ले, सर?" तेवढ्यात तोरण तुटलं, बैल निघाले, आणि ती बापामागे पळाली. मला गर्दीनं वाचवलं.

तेव्हापासून मी पेपर दोनदा वाचतो. पहिल्यांदा पेन न घेता, आणि मुलानं जे सांगितलं त्यावर पेन्सिलीनं एक प्रश्न लिहितो. चुका दुसऱ्या वाचनात, समासात. त्यातही वऱ्हाडी रूपाशेजारी 'पेपरात असं लिहितात' एवढंच. नोंदवहीत अजून एकच आकडा मावतो. मागच्या वर्षी एका पोरानं संत्र्याच्या फळगळीवर लिहिलं. झाडाखाली सडा पडलेला, आजोबा एक-एक फळ उचलून परत ठेवायला पाहतात. चुका दहा-बारा. मी चार गुण दिले आणि वर्गात वाचूनही दाखवलं. खूश होतो स्वतःवर.

पुढच्या चाचणीत विषय होता 'आमचे घर'. लिहायच्या आधी एकानं हात वर केला, "सर, खरं लिहाचं का पेपरातलं?" मी म्हटलं, खरं. पेपर गोळा केले तर तीन घरांतले बैल मेले होते आणि दोघांचे आजोबा रडत होते.

बैल मेलेल्यांपैकी एकाच्या घरी ट्रॅक्टर आहे, बैलजोडी धडधाकट आहे, आणि आजोबा रोज सकाळी शाळेसमोरून मला रामराम घालत जातात. त्याची भाषा मात्र चांगली आहे, वऱ्हाडी अस्सल, 'मले'सुद्धा अगदी जागच्या जागी. माझी आवड त्यानं बरोबर ओळखली आहे. पेपर टेबलावर पडलाय, पेन्सिलीनं विचारायचा प्रश्न सुचत नाही, आणि निकाल शुक्रवारी भरायचा आहे.