सबटायटल नसलेल्या रात्री

आत्ता आहात तिथेच बसा. पंखा चालू असेल तर असू द्या. स्वयंपाकघरात कुणी भांडी लावत असेल, खाली रस्त्यावर कुणी कुणाला हाक मारत असेल, तेही असू द्या. दोन-तीन मिनिटं नुसतं ऐका. कानावर येणाऱ्या प्रत्येक शब्दाचा अर्थ तुम्हांला लागतो आहे आणि त्यासाठी काहीही करावं लागत नाही. भाजीवाल्याच्या आवाजात आज चिडचिड आहे, हे त्याचे शब्द नीट ऐकू यायच्या आधीच तुम्हांला कळलं.

आता हे सगळं काढून घ्या. एकदम.

माझ्या मनात ‘अ प्रेयर बिफोर डॉन’ हा चित्रपट आहे. बिली मूर हा लिव्हरपूलचा मुष्टियोद्धा. थायलंडमध्ये तो अमली पदार्थांच्या नादात रुतत गेला, पकडला गेला आणि आधी चिआंग माईच्या, मग बँकॉकच्या ख्लोंग प्रेम तुरुंगात पोचला. त्याने पुढे आत्मकथन लिहिलं. त्यावरून झाँ-स्तेफान सोव्हेर या फ्रेंच दिग्दर्शकाने केलेला हा चित्रपट २०१७ साली कान महोत्सवात मध्यरात्रीच्या खेळांत दाखवला गेला. बिलीचं काम जो कोल या इंग्रज नटाने केलं आहे. त्याच्या भोवतीचे अंगभर गोंदलेले बरेचसे कैदी मात्र खरोखर शिक्षा भोगून आलेले आहेत आणि चित्रीकरण वापरात नसलेल्या एका जुन्या तुरुंगात झालं आहे. मारामारी भरपूर आहे, पाहवणार नाही असंही काही आहे. त्यापाशी आज थांबायला नको. आज फक्त कानाकडे लक्ष देऊ.

कारण सोव्हेर यांनी एक मोठी गोष्ट केली आहे. थाई संवादांचा बराच मोठा भाग त्यांनी सबटायटलविना ठेवला आहे. पडद्यावर माणसं ओरडतात, हसतात, धमकावतात, आणि खाली काहीच उमटत नाही. जे बिलीला कळत नाही ते आपल्यालाही कळत नाही.

आता पहिल्या रात्रीत या. जमिनीवर माणसं इतकी दाटीने झोपली आहेत की कूस बदलायची तर शेजाऱ्यालाही बदलावी लागेल. कुणाचा कोपर बरगडीला लागतोय, कुणाची गोंदलेली पाठ नाकाशी आली आहे. या देहांमध्ये एक मृतदेहही आहे. अंधारात दोघं काहीतरी बोलतात. ते तुमच्याबद्दल बोलताहेत का? ‘हा कोण?’ म्हणताहेत, की ‘याला उद्या बघू’? की त्यांच्यातल्या एकाला घरची आठवण आली आहे आणि तुमचा त्यात काही संबंधच नाही? आवाज सारखाच येतो. या तीन शक्यता तशाच समोर ठेवा, एकही निवडू नका. शब्द कळत नसले की भीतीला कुठेच हद्द राहत नाही. कळलेली धमकी निदान तिच्यापुरती असते.

तुमच्या पोटात आत्ता जे थोडंसं आवळलं गेलं असेल, ते तसंच राहू द्या. श्वास येऊ-जाऊ द्या.

एक गोष्ट माझ्या फार नंतर लक्षात आली आणि तेव्हापासून ती मला सोडत नाही. चित्रीकरण झालं ते गाव नाखोन पथोम. हळू म्हणून पाहा. नाखोन म्हणजे नगर, पथोम म्हणजे प्रथम. ख्लोंग प्रेममधला ख्लोंग म्हणजे कालवा, आणि प्रेम हा शब्द आपल्याच प्रेमाच्या मुळातून गेलेला. तिथे त्याचा अर्थ आनंदाकडे झुकतो. म्हणजे कानाला अगदी परक्या वाटणाऱ्या त्या कल्लोळात आपल्या घरातले शब्द वेष पालटून फिरत असतात आणि आपण ओळखत नाही. भिंतीपलीकडच्या माणसाच्या तोंडी तुमच्या ओळखीचा एखादा शब्द असेलही. तुम्हांला तो ऐकू येईपर्यंत किती दिवस जातील?

बिलीला भाषा सापडते ती अंगाची. सिगारेटी देऊन तो तुरुंगातल्या मुए थाईच्या, म्हणजे थाई मुष्टियुद्धाच्या, चमूत शिरतो. कोपर किती वर, गुडघा कुठून, वजन कोणत्या पायावर, हे समजायला व्याकरण लागत नाही, कुणीतरी हाताला धरून दाखवलं की पुरतं. थायलंडच्या तुरुंगांत अशा लढती खरंच झाल्या आहेत. २००७ साली सिरिपोर्न तावीसुक या बंदी तरुणीने ख्लोंग प्रेमच्याच आवारात जपानी प्रतिस्पर्ध्याला हरवून मुष्टियुद्धाचं जागतिक विजेतेपद मिळवलं होतं. मुए थाईच्या लढतीआधी खेळाडू ‘वाई ख्रू’ करतात. वाई म्हणजे जोडलेले हात आणि ख्रू म्हणजे गुरू. ज्याच्याशी एक वाक्य नीट बोलता येत नाही अशा माणसापुढे हात जोडायचे, आणि मग त्याने शिकवलेल्या घावांवर जगायचं. आखाड्याची माती कपाळाला लावणाऱ्या मुलखात वाढलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही.

चित्रपटाच्या शेवटाकडे एक प्रसंग आहे. एका लढतीनंतर बिली कोसळतो, त्याला इस्पितळात नेतात. एका क्षणी पहारा नसतो. तो उठतो, चालत रस्त्यावर येतो. गाड्या जाताहेत, माणसं जाताहेत, त्याला कुणी अडवत नाही. आणि तो परत फिरतो. या रस्त्याच्या कडेला त्याच्याबरोबर जरा उभे राहा. समोर मोकळं शहर आहे आणि त्यात त्याला नावाने हाक मारणारं एकही माणूस नाही. हाक मारणारे आत आहेत. मला वाटतं तो म्हणून फिरतो, पण माझं मान्य करू नका, तुम्ही तुमचे उभे राहा.

मग त्याचे वडील भेटायला येतात. वडिलांची ती छोटी भूमिका खुद्द बिली मूरने केली आहे.

भेटीची ही खोली आली की माझं मन तिथून दुसऱ्या एका खोलीत जातं. इस्लामाबाद, २५ डिसेंबर २०१७. पाकिस्तानात ज्यांना मृत्युदंड सुनावला गेला ते कुलभूषण जाधव काचेच्या एका बाजूला, आणि महाराष्ट्रातून गेलेल्या त्यांच्या आई आणि पत्नी दुसऱ्या बाजूला. अटकेला पावणेदोन वर्षं उलटून गेलेली. बोलणं यंत्रातून. १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं ३६ वं कलम परदेशात अटक झालेल्या माणसाला आपल्या देशाच्या वकिलातीशी संपर्क साधू देतं, आणि ते पाकिस्तानने मोडलं, असा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी दिला. पण त्या डिसेंबरात जे घडलं त्याला कलम नाही. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने दुसऱ्याच दिवशी सांगितलं की आई मातृभाषेत बोलू लागली तेव्हा तिला पुन्हा पुन्हा अडवलं गेलं आणि शेवटी ते बोलणं थांबवण्यात आलं.

मातृभाषेत, म्हणजे मराठीत.

ती त्यांना काय म्हणाली हे आपलं नाही, तिथे जाऊ नका. तुमच्याच आईला त्या खुर्चीवर बसवा. काचेपलीकडे तुम्ही आहात. इतक्या दिवसांनी दिसल्यावर तिच्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघेल? माझी आई म्हणाली असती, ‘किती वाळलास रे.’ यातला ‘रे’ कुठल्या दुसऱ्या भाषेत न्यायचा? दुभाष्याने काय करायचं त्याचं?

तुमचं वाक्य सापडू द्या. घाई नाही. सापडलं की तिच्या आवाजात ते मनाशी सुरू करा. पहिला शब्द पुरा होऊ द्या.

तिथेच थांबा.