गट कोणी पाडावेत?

मुलांना ‘आपापले गट करा’ म्हटले, की हुशार हुशारांना धरतात, मित्र मित्रांना. आणि एखादा तसाच उरतो. याला स्वातंत्र्य म्हणावे की अन्याय?

अमेरिकेतील ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या व मेक्सिकन वंशाच्या मुलांना नुकतेच एकत्र बसवले होते. शाळांतून मारामाऱ्या होत. १९७१ साली एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने पाच-सहा जणांचे मिश्र गट पाडून धड्याचा एकेक तुकडा एकेकाला दिला. अडखळणाऱ्याचेही ऐकल्यावाचून धडा पुरा होईना!

दयेने शेजारी बसवलेले मूल उपरेच राहते. ज्याच्यावाचून अडते, ते आपले होते. गट शिक्षकानेच पाडावेत. मात्र प्रत्येकाच्या ओंजळीत इतरांना हवे असे काहीतरी घालूनच.