अंधाराचा राजपुत्र



‘अंधाराचा राजपुत्र’ म्हटले की आपल्याला सैतान आठवतो. इंग्लंडमध्ये जुन्या स्पोर्ट्स कार जपणारे लोक मात्र ही पदवी थट्टेने बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकास यांना देतात. एमजी, ट्रायम्फ अशा गाड्यांचे दिवे, डायनॅमो आणि स्विच त्यांच्या कंपनीचे असत. दिवा विझला की दोष लुकासचा, असे जणू ठरूनच गेले आहे. आज आपण या बिचाऱ्याचीही बाजू ऐकून घेऊ.

एमजीबी ही गाडी १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डन येथे तयार होत असे. समजा, तिचा मागचा इंडिकेटर लावला आणि तो पेटण्याऐवजी शेजारचा लाल दिवाच मंद लुकलुकू लागला. आपण काय करतो? बल्ब बदलतो, मग फ्लॅशर, मग स्विच. पैसे जातात, दिवा तसाच.

दोष बहुधा परतीच्या वाटेवर असतो. बॅटरीतून निघालेल्या विजेला दिव्यापर्यंत जायला तार आहे. परत यायला मात्र गाडीचा पत्राच. जिथे दिव्याचे अर्थिंग स्क्रूने पत्र्याला जोडलेले असते तिथे गंज धरतो. त्यात इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. वाट अडली की वीज शेजारच्या बल्बमधून मार्ग काढते, आणि निरपराध दिवा लुकलुकतो. (एकाचा राग दुसऱ्यावर कसा निघतो, हे आपल्या घरांत कुणाला सांगायला नको.)

तपासणी सोपी आहे. मीटरची एक वायर बॅटरीच्या अर्थिंगच्या टोकाला, दुसरी दिव्याच्या धातूच्या बुडाला लावायची. दिवा चालू हवा. वीज वाहत नसेल तर हा दोष दिसतच नाही. मीटर जवळजवळ शून्य दाखवील तर अर्थिंग ठीक. एखादा व्होल्ट दिसला, तर स्क्रू काढून पत्रा चकचकीत होईपर्यंत सँडपेपरने घासायचा. १९६७ पूर्वीच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक पत्र्याला जोडलेले असे, हे मात्र ध्यानात ठेवावे.

तारांचे रंगही बोलतात. काळी अर्थिंगची. पांढरी चावी फिरवल्यावर जिवंत होते, आणि फ्यूजमधून पुढे गेली की हिरवी होते. हिरव्या तारांवरचे सारेच बंद पडले तर फ्यूज पाहावा. एकच बंद असेल तर त्याची काळी तार. तपकिरी तार थेट बॅटरीकडून येते, तिला फ्यूज नाही. म्हणून हात घालण्यापूर्वी बॅटरी सोडवावी. उडालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे महाभाग असतात; त्यांच्या तारा जळतात आणि प्रसंगी गाडीही.

सेमिनरीत आम्ही संत ऑगस्टीन शिकलो: वाईट ही स्वतंत्र वस्तू नव्हे, ती चांगल्याची उणीव आहे. तेव्हा ते परीक्षेपुरते पाठ केले होते. या गाड्यांत ते हाताला लागते. अंधार कुणी आणून ठेवलेला नसतो, कुठेतरी एक सांधा सुटलेला असतो. लुकासचे सारेच सामान उत्तम होते असे आम्ही म्हणत नाही. पण चाळीस-पन्नास वर्षांचा गंज त्यांच्या माथी मारणे म्हणजे कुसळ-मुसळाचीच गोष्ट झाली.

काही मालक तर कंटाळून सगळे वायरिंगच नवे आणवतात, आणि तेही त्याच गंजलेल्या स्क्रूखाली आवळतात.