संशय कोणी दूर करायचा?

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, हे परभणी जिल्ह्यातल्या कोणत्याही गावातला म्हातारा शेतकरी सांगेल. स्टॅम्प पेपरची गरज नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. पण उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ नं मागितलेल्या त्या दोन सह्या नसतील तर कागदाला किंमत नाही. वाद कोर्टात गेला, की मृत्युपत्र ज्यानं पुढे आणलं त्यानंच ते खरं ठरवायचं असतं. ते करून घेण्यात त्याचाच पुढाकार असेल आणि मोठा वाटाही त्याच्याच पदरात पडत असेल, तर त्यातून उठणारा संशयही त्यानंच दूर करायचा. वेंकटाचल अय्यंगार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे सांगितलं, त्याला सहा दशकं उलटून गेली. मेलेला माणूस साक्षीला येऊ शकत नाही, म्हणून जो जवळ होता त्यानं उत्तर द्यावं, इतका हा साधा न्याय आहे.

दोन-चार एकर रानासाठी कायदा एवढा जागा राहतो. मग माणूस कोठडीत मरतो तेव्हा?

१० डिसेंबर २०२४ ला परभणीत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं आणि पोलिसांनी धरपकड केली. त्यात सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो गेला. त्यानं दंडाधिकाऱ्यांपुढे मारहाणीची तक्रार केली नव्हती, त्याला श्वसनाचा आजार होता, असं मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं. छत्रपती संभाजीनगरला झालेल्या शवविच्छेदनात मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण निघालं. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीनंही पोलिसांवर ठपका ठेवला. एवढं असूनही गुन्हा दाखल होण्यासाठी त्याच्या आईला, विजयाबाईंना, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जावं लागलं. ४ जुलै २०२५ ला खंडपीठानं गुन्हा नोंदवायचा आदेश दिला, तर राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथं ते ३० जुलैला हरलं. आपल्या ताब्यातल्या माणसाच्या मृत्यूचा साधा गुन्हा नोंदवू नये म्हणून सरकारनं दिल्ली गाठावी, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही.

परभणीला हे नवं नाही. इथलाच ख्वाजा युनूस, २७ वर्षांचा सॉफ्टवेअर अभियंता, घाटकोपर स्फोटाच्या प्रकरणात डिसेंबर २००२ मध्ये पकडला गेला. औरंगाबादकडे नेताना पारनेरजवळ जीप दरीत कोसळली आणि तो पळाला, असं पोलिसांनी सांगितलं. सीआयडीच्या तपासात ही कहाणी खोटी निघाली आणि चार पोलिसांवर खुनाचं आरोपपत्र आलं. मृतदेह मिळालाच नाही. स्फोटाच्या खटल्यातले बाकीचे आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले. युनूसच्या मृत्यूचा खटला मात्र वीस वर्षांनंतरही संपलेला नव्हता. त्याची आई आसिया बेगम वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिल्या.

आरोपीच्या हक्कांबाबत गेल्या दोन-तीन वर्षांत सर्वोच्च न्यायालयानं मोठं काम केलं आहे, हे मोकळेपणानं मान्य करायला हवं. पंकज बन्सल (२०२३) आणि प्रबीर पुरकायस्थ (२०२४) या निकालांनी अटकेची कारणं लेखी देणं खास कायद्यांखालच्या गुन्ह्यांत बंधनकारक केलं. वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघातातून उभ्या राहिलेल्या मिहिर शाह प्रकरणात ६ नोव्हेंबर २०२५ ला तोच नियम सगळ्या गुन्ह्यांना लागू झाला. कारणं आरोपीला समजणाऱ्या भाषेत, लेखी आणि रिमांडसाठी उभं करण्याच्या निदान दोन तास आधी द्यायची. नाहीतर अटकच बेकायदा. अटकेच्या कागदावर घरच्या माणसाची किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची सही हवी, हे डी. के. बसू निकालानं १९९६ मध्येच सांगितलं होतं. आज ते नागरिक सुरक्षा संहितेत कायदा म्हणून आहे.

पण ही सगळी राखण अटकेच्या दारापर्यंतची. साक्षीदार सही करून घरी जातो आणि दार लागतं. आत काय झालं हे ठाऊक असणारे एक तर वर्दीतले असतात, नाहीतर त्याच वर्दीला घाबरून असलेले सहकैदी. आणि तिथं घडलेलं शंकेपलीकडे सिद्ध करायचं ओझं मात्र फिर्यादी पक्षावरच राहतं.

यावर उपाय १९८५ पासून कागदावर आहे. विधी आयोगानं ११३ व्या अहवालात पुरावा कायद्यात ११४-ब हे कलम घालायला सुचवलं होतं: कोठडीत असताना जखम झाली असेल, तर ती ताब्यात ठेवणाऱ्या अधिकाऱ्यानं केली असं न्यायालयाला गृहीत धरता येईल. त्यानंतर अनेक सरकारं आली-गेली, कलम आलं नाही. १ जुलै २०२४ पासून साक्ष अधिनियम सगळा नव्यानं लिहून लागू झाला, त्यातही ते नाही.

अशानं पोलीस हातपाय गाळून बसतील, कोणीही खोटा आरोप करील, ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. पण मसुद्यात ‘गृहीत धरता येईल’ असं आहे, ‘धरलंच पाहिजे’ असं नाही. कोठडी किती दिवसांची होती, जखमी काय बोलला, डॉक्टर काय म्हणतात, दंडाधिकाऱ्यांनी काय नोंदवलं, हे न्यायालयानं आधी पाहायचं आहे. ज्यानं हात उगारला नाही त्या अधिकाऱ्याकडे स्टेशन डायरी असते, वैद्यकीय तपासणीची नोंद असते, सीसीटीव्हीचं चित्रीकरण असतं. २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालानंतर ते जपून ठेवणंही भाग आहे. दाखवण्यासारखं सगळं त्याच्याच कपाटात आहे. मेलेल्याच्या आईकडे काय असतं?

साक्षीपुरावा हा राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतला विषय आहे. महाराष्ट्राला केंद्राची वाट पाहत बसायचं कारण नाही. विधिमंडळानं दुरुस्ती मंजूर करून राष्ट्रपतींच्या संमतीला पाठवली, की ती या राज्यापुरती लागू होऊ शकते. परभणी जिल्ह्यातून चार आमदार मुंबईला जातात. पुढच्या अधिवेशनात त्यांच्यापैकी एकानं हे अशासकीय विधेयक मांडावं.