वाटा आणि सर्वस्व

चोरी झाली असे एकदा ठरले, की न्यायाचे काम संपले असे आपण समजतो. वस्तुतः अवघड काम तेथून पुढे सुरू होते. कारण गेले ते किती, हे मग ठरवायचे असते. ॲपल आणि सॅमसंग या दोन बलाढ्य कंपन्यांचा खटला मला विचार करण्याजोगा वाटतो, तो याच कारणासाठी.

२०११ च्या एप्रिलमध्ये ॲपलने कॅलिफोर्नियातील न्यायालयात फिर्याद केली. सॅमसंगने आमच्या आयफोनचे रूप उचलले, ही तक्रार. गोलसर कोपरे, काळी नितळ दर्शनी बाजू, पडद्यावर ठिपक्यांच्या रांगोळीसारखी ओळीने मांडलेली रंगीत चिन्हे. या रूपाची पेटंटे ॲपलपाशी होती. सॅमसंगच्या दप्तरातला १३२ पानी अहवालही पुराव्यात आला. आपला फोन आयफोनपुढे कोठे उणा पडतो, हे त्यात एकेक करून टिपले होते. २०१२ च्या ऑगस्टमध्ये ज्यूरीने सुमारे १०५ कोटी डॉलरांची भरपाई ठरविली.

एवढी मोठी रक्कम आली कोठून? तिचे मूळ आहे गालिच्यांच्या भांडणात. १८८५ साली नक्षी उचलल्याचा असाच एक तंटा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. नक्षीमुळे नफा किती झाला, हे सिद्ध होईना. म्हणून गालिचेवाल्यांच्या पदरात पडले नाममात्र सहा सेंट! त्यावर १८८७ साली कायदा झाला, की नक्षी उचलणाऱ्याने त्या वस्तूवरचा सगळा नफा द्यावा. गालिच्यापुरते हे रास्तच होते. माणूस गालिचा घेतो तो नक्षी पाहूनच.

फोन मात्र गालिचा नव्हे. त्याच्या पोटात शेकडो भाग असतात. आणि गंमत अशी, की खटला उभा राहिला त्या काळी खुद्द आयफोनची मुख्य चिप सॅमसंगच्याच कारखान्यात तयार होत होती. न्यायालयात वैरी, तर कारखान्यात गिऱ्हाईक! २०१६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले, की कायद्यातली 'वस्तू' म्हणजे अखंड फोनच असे नाही. त्याचा एखादा भागही असू शकेल. २०१८ च्या मे महिन्यात नव्या ज्यूरीने आकडा सुमारे ५३ कोटी ९० लाख डॉलरांवर आणला. त्यात रूपाचे ५३ कोटी ३३ लाख, आणि फोनच्या कार्यपद्धतीच्या पेटंटांचे अवघे ५३ लाख. जूनमध्ये दोघांनी तडजोड केली. अटी गुप्तच राहिल्या.

कोणी म्हणेल, सर्व नफा काढून घेतला नाही, तर चोरी किफायतशीर ठरेल. हे म्हणणे खोटे नाही. पण मग त्याला शिक्षा म्हणावे, भरपाई म्हणू नये. शिक्षा अपराधाकडे पाहून द्यायची असते. भरपाई वाटा पाहून. चांगले रूप घडविण्यात अपार श्रम असतात, त्यांची किंमत सहा सेंट करणे हा अपमान आहे. पण त्या रूपापायी आतल्या साऱ्या कारागिरीची किंमत शून्य धरणे, हाही अपमानच. दोन्ही ठिकाणी मोजण्याचा कंटाळा केलेला असतो.

हा कंटाळा कंपन्यांनाच असतो असे थोडेच आहे? भावाभावांत वाटण्या निघतात, तेव्हा 'हे घर मी उभे केले' असे म्हणणाऱ्याचे म्हणणे बहुधा अर्धे खरे असते. त्याला डावललेले असेल, तर ते अर्धे त्याच्या मनात बघता बघता पुरे होते. अन्याय सोसलेल्या माणसाला हाच मोठा धोका. आपले गेले, हे दुःख इतके खरे असते, की आपले किती होते हे तो विसरतो. अन्याय झाला म्हणून हक्क बुडत नाही, तसाच तो वाढतही नाही. आपला वाटा मागावा, खणखणीत आवाजात मागावा. पण मागण्यापूर्वी तो मोजलेला असावा.