पैलतीराचे भाडे

बोरीवली स्थानकाच्या पश्चिमेला उतरून गोराई खाडीची बस धरली की शहर हळूहळू विरळ होत जाते. इमारतींच्या रांगा मागे पडतात, खारफुटीची झाडी दिसू लागते आणि रस्ता जेटीपाशी येऊन थांबतो. समोर खाडीचे पाणी, पाण्यापलीकडे गोराई. ज्याला मोटारीनेच जायचे असेल त्याने भाईंदर आणि उत्तनमार्गे लांबचा वळसा घ्यावा. पायी माणसासाठी मात्र बोट आहे. थोडे पैसे मोजले की ती काही मिनिटांत पैलतीरी पोचवते.

या बोटीत कोण बसलेले असते? गोराईच्या वाडीतली भाजी बोरीवलीच्या बाजारात विकून रिकामी पाटी घेऊन परतणारी बाई असते. मासळीची टोपली पायाशी धरून बसलेली कोळीण असते. कॉलेजची मुले, कारखान्यातला कामगार, पॅगोडा पाहायला निघालेले परगावचे कुटुंब, कठड्याला टेकवलेली एखादी दुचाकी, हे सारे त्याच फळ्यांवर दाटीवाटीने सामावलेले असते. भाऱ्याचे आणि दुचाकीचे पैसे वेगळे; पण माणूस म्हणून प्रत्येकाचे भाडे सारखेच. बोटीला वरचा वर्ग आणि खालचा वर्ग नाही. भरतीची लाट आली तर ती सगळ्यांनाच हलवते.

इतक्या लहान प्रवासात नीतिशास्त्राचा प्रश्न तो कोणता? मला वाटते, एक मोठा प्रश्न त्यात आहे. ज्याला पलीकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही, त्याच्याकडून पलीकडे नेण्याचे किती पैसे घ्यावेत? आणि ते कोणाच्या ऐपतीकडे पाहून ठरवावेत?

ॲरिस्टॉटलने न्यायाचे प्रकार सांगितले आणि संत थॉमस अक्वायनस यांनी ते ख्रिस्ती विचारात रुजवले. त्यांपैकी एक विनिमयाचा न्याय. जेवढी वस्तू तेवढी किंमत, जेवढे काम तेवढा दाम. इथे समोरचा माणूस राजा आहे की रंक हे पाहायचे नसते. दुसरा वाटपाचा न्याय. जे सर्वांचे आहे ते वाटताना प्रत्येकाची स्थिती लक्षात घ्यावी लागते. बाजारात पहिला न्याय पुरेसा असतो. दोन शेर तांदळाची किंमत गरिबाला आणि श्रीमंताला सारखीच असते, आणि दुकानदाराने दोघांना सारखे मापून दिले की तो न्यायी ठरतो.

मग बोट ही बाजारातली वस्तू आहे काय? तसे मानले तर उतारूंची गरज जितकी मोठी तितके भाडे वाढवता येईल. संध्याकाळी शेवटच्या फेरीसाठी धावत आलेल्या बाईकडून दुप्पट मागता येईल, कारण ती नाही म्हणू शकणार नाही. आपले मन या कल्पनेनेच दुखावते. का दुखावते? पलीकडे जाणे ही चैन नसून तिच्या जगण्याची अट आहे, हे आपल्याला न शिकवताच कळते. बाजार, रुग्णालय, शाळा, नोकरी या तीरावर आणि घर त्या तीरावर असेल, तर मधले पाणी ओलांडणे हा तिचा हक्क ठरतो. म्हणूनच फार पूर्वीपासून राज्यकर्त्यांनी तरीचा व्यवहार केवळ नावाड्याच्या मर्जीवर सोडलेला नाही. मुंबई इलाख्यात 1868 साली तरींसाठी स्वतंत्र कायदा झाला. 1996 पासून आपल्या राज्यातील बंदरांचा आणि जलवाहतुकीचा कारभार महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. पाणी कोणाच्या मालकीचे नाही, तेव्हा त्यावरची वाट सर्वांची, हीच भावना या व्यवस्थेमागे आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये आधुनिक जगाविषयीच्या आपल्या दस्तऐवजात सार्वजनिक हिताची जी कल्पना मांडली ती येथे उपयोगी पडते. व्यक्तींना आणि समूहांना आपली पूर्णता अधिक सहजपणे गाठता यावी अशी सामाजिक परिस्थिती म्हणजे सार्वजनिक हित, असा तिचा आशय आहे. हे हित म्हणजे सर्वांच्या स्वार्थाची बेरीज नव्हे. एकट्याने उपभोगता येत नाही आणि एकालाही वगळले तर जे अपुरे राहते, असे ते असते. खाडीवरची बोट हे त्याचे साधे उदाहरण आहे. एका माणसासाठी ती परवडणार नाही. पन्नास जणांसाठी परवडते. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसामुळे माझे भाडे कमी झालेले असते, आणि माझ्यामुळे त्याचे.

तरीही एक अडचण उरते. सारखे भाडे म्हणजे सारखा भार नव्हे. संत मार्कच्या शुभवर्तमानात प्रभू येशू मंदिराच्या दानपेटीसमोर बसून विधवेची दोन नाणी पाहतो आणि ती सर्वांहून मोठी ठरवतो. नाण्याचे वजन ते कोणाच्या हातून सुटते यावर अवलंबून असते, ही त्याची दृष्टी. सहलीला आलेल्या गृहस्थाला भाड्याची रक्कम आठवतही नाही. वाडीवरच्या बाईला मात्र ती रोज दोन वेळा, महिन्याचे पंचवीस दिवस मोजावी लागते आणि भाजीच्या जुडीमागे मिळालेल्या पैशांतून वजा करावी लागते. म्हणून सर्वांसाठी एकच भाडे ठेवायचे असेल तर ते सर्वांत दुबळ्या उतारूच्या ऐपतीला धरून ठेवले पाहिजे. सरासरी उतारूचे माप इथे चालणार नाही.

यावर कोणी म्हणेल, हे तर दान झाले. मला ते दान वाटत नाही. दान घेणाऱ्याला आपली गरिबी सिद्ध करावी लागते. दाखला आणावा लागतो, कधी मान खाली घालावी लागते. स्वस्त बोटीत बसणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. तो आपले पैसे देतो, तिकीट घेतो आणि ताठ मानेने बसतो. गरजूला मदत मिळते आणि त्याला गरजू म्हणून वेगळे उभे राहावे लागत नाही. आपल्या धर्मग्रामातल्या मदतकार्यानेही यापासून काही शिकावे.

आता दुसरी बाजू. स्वस्ताईची किंमत कोणी तरी मोजत असतोच. ती नावाडी मोजत असेल तर आपला सारा न्याय फोल आहे. नावाड्याला परंपरेने मोठा मान दिला आहे. संत ज्युलियनच्या आख्यायिकेत तो आणि त्याची पत्नी नदीकाठी राहून वाटसरूंना पार नेतात; एका गोठवणाऱ्या रात्री पैलतीरावरून हाक मारणाऱ्या कुष्ठरोग्याला तो आणतो, आपल्या बिछान्यावर निजवतो, आणि तो देवदूत निघतो. तुळशीदासांच्या रामायणातला केवट रामाकडून उतराई घेत नाही. या कथा सुंदर आहेत. पण मानाने चूल पेटत नाही. पोप लिओ तेरावे यांनी 1891 मध्ये आपल्या परिपत्रकातून बजावले, की कामगाराने वेतन कबूल केले एवढ्याने ते न्याय्य ठरत नाही. त्यात त्याचा निर्वाह झाला पाहिजे. हा नियम तांडेलाला आणि दोर फेकणाऱ्या पोऱ्यालाही लागू आहे. भाड्यातून त्यांचे वेतन निघत नसेल तर उरलेला भार सर्व समाजाने, म्हणजे सरकारी तिजोरीने, उचलावा.

आणि स्वस्त प्रवास म्हणजे स्वस्त जीव नव्हे. 18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि डझनाहून अधिक माणसे प्राणाला मुकली. त्यानंतर जीवरक्षक जाकिटांची चर्चा झाली. ती चर्चा प्रत्येक लहान धक्क्यावर नित्य चालू राहिली पाहिजे. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या आपल्या परिपत्रकात शहरांच्या वाहतुकीविषयी लिहिताना सार्वजनिक वाहनांना अग्रक्रम द्या म्हटले, आणि त्याच परिच्छेदात गर्दी, गैरसोय, अपुऱ्या फेऱ्या व असुरक्षितता यांमुळे प्रवाशांना मानहानीकारक स्थितीत प्रवास करावा लागतो, याकडेही बोट दाखवले. गरिबाला गरिबासारखी सेवा पुरे, हा विचार ख्रिस्ती नव्हे.

गोराई आणि मनोरीच्या खाड्यांवर पूल बांधण्याचे प्रस्ताव अनेक वर्षे चर्चेत आहेत. बोटीचे गुणगान करणाऱ्याने येथे जपून बोलावे. मध्यरात्री कळा सुरू झालेल्या सुनेला घेऊन धक्क्यावर उभ्या राहिलेल्या सासूला बोटीचे काव्य सांगू नये. पूल ही तिची न्याय्य मागणी आहे. दुसरीकडे, पुलाबरोबर जमिनीचे भाव वाढतील, वाड्या विकल्या जातील, बेटावरचे जुने ईस्ट इंडियन आणि कोळी समाज आपल्याच गावात परके होतील, ही भीतीही खोटी नाही. दोघेही आपलेच, आणि दोघांचेही म्हणणे ऐकले पाहिजे.

मात्र एक प्रश्न दोघांनीही विचारावा: पुलावरून जाणार कोण? ज्याच्याकडे मोटार आहे त्याला पूल दिला आणि ज्याच्याकडे नाही त्याची बोट बंद केली, तर पाणी ओलांडले जाईल, पण अन्याय तसाच राहील. या बाबतीत गोव्याकडे पाहावे. पणजीजवळ मांडवी नदीवर आज पुलांची रांग आहे. 2019 मध्ये अटल सेतूही झाला. तरी पणजी आणि बेती यांमधली फेरीबोट चालूच आहे आणि पायी माणसाकडून ती भाडे घेत नाही. 5 जुलै 1986 रोजी मांडवीवरचा जुना पूल कोसळला, तेव्हा याच फेरीबोटींनी लोकांना पार नेले. न्यूयॉर्कसारख्या धनाढ्य शहरानेही स्टेटन आयलंडच्या फेरीचे भाडे 1997 मध्ये रद्द केले. पूल आला म्हणून बोट गेलीच पाहिजे असा निसर्गनियम नाही. तो आपला निर्णय असतो, आणि निर्णय म्हटला की जबाबदारी आली.

संत लूकच्या शुभवर्तमानातला श्रीमंत माणूस आणि लाजरस आठवा. मरणानंतर त्या दोघांमध्ये अशी दरी पडलेली असते की कोणालाही इकडून तिकडे जाता येत नाही. ही दरी मरणाने खोदली असे आपण समजतो. पण दाखला नीट वाचा. लाजरस आयुष्यभर त्याच्या दारातच पडून होता. मध्ये होता तो फक्त उंबरठा. तो ओलांडायला ना पूल लागत होता, ना बोट. रोज न ओलांडल्याने तो उंबरठा खोल खोल होत गेला आणि शेवटी त्याची दरी झाली.

आपल्या धर्मग्रामातही दोन तीर आहेत. बोरीवलीच्या वसाहतींत उंच इमारतींतून राहणारी कुटुंबे आहेत, आणि त्यांच्या घरी भांडी घासायला, भाजी द्यायला, मासळी विकायला पहाटे पाणी ओलांडून येणाऱ्या बायाही आहेत. त्यांना उशीर झाला तर रागावण्यापूर्वी भरतीओहोटीची वेळ विचारावी. त्यांच्याशी भाव करताना येण्याजाण्याचा खर्च मनात धरावा. पुलाविषयी सभा भरेल तेव्हा मोटारी असलेल्यांनीच उठून म्हणावे, की पुलावर स्वस्त बस आधी हवी आणि ती सुरळीत सुरू होईपर्यंत बोट बंद होऊ नये. गोराईचे चर्च तीन राजांना वाहिलेले आहे. दूरची वाट तुडवून ते एका गरीब बाळापाशी पोचले. आपल्याला तेवढे लांब जायचे नाही. मध्ये एक खाडीच आहे.