दान आणि दात्याचा संयम

प्रवरेच्या काठी, आमच्या कोल्हारच्या उसाच्या फडात कुणाला सर्पदंश झाला, की त्याला तातडीने दवाखान्यात नेऊन प्रतिविष टोचतात. घोड्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे माणसाचा जीव वाचवतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेमुळे ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही.

अशाच प्रतिपिंडांचा आणखी एक उपयोग मला विचारात पाडतो. रक्ताच्या कर्करोगात रोग्याची बिघडलेली अस्थिमज्जा नष्ट करून त्याला निरोगी दात्याची मज्जा देतात. भारतात ही चिकित्सा प्रथम यशस्वी झाली ती १९८३ साली, टाटा मेमोरियल रुग्णालयात, डॉ. सुरेश अडवाणी यांच्या हातून. रोगी होती नऊ वर्षांची मुलगी. सख्ख्या भावंडाची मज्जाही पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक एवढीच. जुळली तरी धोका टळत नाही. दात्याच्या संरक्षक पेशी रोग्याच्या देहालाच परका समजून त्याची त्वचा, यकृत व आतडी यांवर हल्ला चढवतात. पाहुण्याने घरधन्यालाच परका ठरवावे, तसे हे!

म्हणून सशाच्या वा घोड्याच्या शरीरात तयार केलेली प्रतिपिंडे देऊन त्या पेशींना आवरतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात, भावंडांच्या रक्तमूलपेशी घेतलेल्या रोग्यांत, या विकाराच्या दीर्घकालीन रूपाचे दोन वर्षांतील प्रमाण या उपचाराने सुमारे ६९ टक्क्यांऐवजी ३२ टक्के राहिले. मात्र उपचाराचा अतिरेक झाला, तर जंतुसंसर्ग बळावतो आणि उरल्यासुरल्या कर्करोगाशी लढण्याची त्या पेशींची शक्तीही क्षीण होते. त्यांना आवरायचे खरे, पण निकामी करायचे नाही.

वाचकहो, शुद्ध हेतूने दिलेले दानही घेणाऱ्याला का पोळावे? धर्मगुरू या नात्याने अनेक घरांत मी हे पाहिले आहे. थोरला धाकट्याच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेतो. पुढे धाकट्याची नोकरी, लग्न, मुलांची नावेसुद्धा थोरल्याच्या मर्जीने ठरू लागतात. थोरल्याच्या मनात कपट नसते. आपण दिले, म्हणजे ते जीवन थोडेसे आपलेच, एवढेच त्याला वाटते. याचा अर्थ त्याने पाठ फिरवावी असा नव्हे. गरजेला त्याचा आधार हवाच. हक्क तेवढा सोडावा.

पेशीला सदसद्विवेक नाही. तिला बाहेरून आवरावे लागते, म्हणून तिच्यावर दोष नाही. आपल्याला तो विवेक लाभला आहे. आपण ज्याला दिले, त्याच्या दारात उभे राहताना आपण पाहुणे आहोत, हे आपण स्वतःच ओळखायला हवे.